तीन तासांवर दिब्रुगड

दिब्रुगड आणि पुणे या दोन विमानतळांमधलं अंतर इंटरनेटवर शोधलं तर तेवीसशे-चोवीसशे किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो. त्याखाली उड्डाणाचा वेळ असतो, तीन तास आणि वर काही मिनिटं. सोबत नकाशा असतो आणि नकाशावर एक निळी कमानदार रेघ. पाहणाऱ्याला वाटावं, या रेघेवरून रोज विमान जातं. पण आमच्या घराला जेव्हा जेव्हा गरज पडली तेव्हा तसं थेट विमान नव्हतं. ही पानं कुठल्याही दोन विमानतळांसाठी तयार होतात. यंत्र सरळ अंतर काढतं, विमानाच्या वेगानं त्याला भागतं आणि उत्तर दाखवतं. प्रत्यक्षात माणसाला दिब्रुगडहून आधी कोलकात्याला जावं लागतं, तिथं थांबावं लागतं, मग पुण्याचं विमान, आणि पुण्यापासून कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत पाच तासांचा रस्ता.

मी सांगलीत एका दैनिकात उपसंपादक आहे. दुसऱ्यांनी पाठवलेले आकडे तपासणं हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे हा फरक मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. पण घरात दिब्रुगड तीन तासांवरच होतं. दादानं तसं सांगितलं होतं आणि आबांनी ते मान्य केलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कऱ्हाड, पाटण, मग घाट उतरून कोकण, आणि पावसाच्या तोंडावर परत. ते अंतर किलोमीटरमध्ये सांगत नसत. चिपळूण किती लांब, तर इतके मुक्काम. गुडघ्यांनी जवाब दिल्यावर त्यांनी मेंढरं विकली आणि पाणी आलेल्या दोन एकरांत द्राक्षं लावली, पण अंतर मोजायची रीत तीच राहिली.

दादा, माझा थोरला भाऊ, गलाईच्या धंद्यात गेला. आमच्या दुष्काळी पट्ट्यातली निम्मी घरं या धंद्यावर उभी आहेत. जुने दागिने आणि सराफाच्या दुकानातला कचरा भट्टीत वितळवायचा, तेजाबानं साफ करायचा आणि त्यातून चोख सोनं वेगळं काढायचं. हे काम करणारी माणसं देशातल्या प्रत्येक सराफ बाजारात सापडतात आणि त्यातली बरीचशी आमच्या आजूबाजूच्या तालुक्यांतली असतात. दादा आधी तमिळनाडूत होता. मग दिब्रुगडला एक दुकान चालवायला घ्यायची संधी आली. आबा नको म्हणत होते. रेल्वेनं तीन रात्री लागतात हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

तेव्हा दादानं अंगणात बसून मोबाइल काढला आणि ते पान त्यांना दाखवलं.

"आबा, ह्यो बघा नकाशा. ही रेघ हाय न्हवं, ती आपली वाट. तीन तास."

"तीन तास कशापासनं म्हणतोस?"

"इमानात बसल्यापासनं."

आबांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "म्हंजी हितनं साताऱ्याला ताईकडं जायाला जेवढा येळ, तेवढाच की."

"तेवढाच."

मी मध्ये म्हटलं, "थेट विमान नाही पण, दादा. कोलकात्याला बदलावं लागतं."

"गप रं बारक्या," दादा म्हणाला. "तू तुझ्या पेपरात दुरुस्त्या कर."

आबा हसले. मग स्वतःशीच म्हणाले, "एका मुक्कामाचं बी न्हाई." त्या वाक्यानं परवानगी मिळाली.

पुढची काही वर्षं आबा ते सगळ्यांना सांगत. पारावर कुणी मुलगा मुंबईला असल्याची तक्रार केली की म्हणत, "माझा बघ. चीनच्या हद्दीला हाय, पर तीन तासात दारात." दादा वर्षातून एकदा यायचा, जत्रेला. आला की आबा विचारायचे, प्रवास कसा झाला, आणि दादा म्हणायचा, बसलो आणि उतरलो. कोलकात्याच्या विमानतळावर खुर्चीत काढलेली रात्र तो सांगत नसे. मीही सांगितली नाही. तो त्या दोघांमधला विषय होता आणि त्यानं कुणाचं वाईट होत नव्हतं.

आबांना सांगलीला विश्रामबागेतल्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा हिवाळा होता. फुफ्फुसात पाणी आणि हृदय कमजोर, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी विश्रामबागेतच भाड्यानं राहतो, त्यामुळे दवाखाना माझ्याकडं आणि घर आईकडं, अशी वाटणी झाली. पहिल्याच दिवशी मी विचारलं, दादाला बोलावू का? आबांनी हात हलवला.

"आत्ता नगं. त्याचं दुकान हाय. तीन तासाचं काम, लागंल तवा बोलवू."

रोज हेच उत्तर मिळायचं. मी दादाला रोज दोन फोटो पाठवायचो, एक आबांचा आणि एक खाटेशेजारच्या कागदाचा, ज्यावर ताप आणि रक्तदाब लिहिलेला असे. कोणत्या मजल्यावर, कोणत्या कोपऱ्यात खाट आहे, खिडकी कुठं आहे, हे सगळं त्याला फोटोंवरून पाठ झालं होतं. दादा म्हणायचा, "मान अवघडलेली दिसती. उशी नीट लाव." मी लावायचो.

आठवडा होत आला तेव्हा एका सकाळी आबांनी स्वतःहून सांगितलं, "आता बोलव."

मी बाहेर जाऊन फोन केला. दादानं विचारलं, "बोलत्यात का?"

"बोलतायत. त्यांनीच सांगितलंय. पण निघ."

तो दुपारच्या विमानाचं तिकीट काढतो म्हणाला. कोलकात्यातून पुण्याचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी आत आलो. आबांनी विचारलं, निघाला का? मी म्हटलं, निघाला. त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि मग बराच वेळ ते घड्याळाकडंच पाहत होते. ते काय करत होते, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "बसला आसंल न्हवं?" मी हो म्हटलं. पुढं एकदा विचारलं, "किती झालं?" मी म्हटलं, येतोय, पडून राहा.

ते जेवणाच्या वेळेला गेले. सकाळी दादाला बोलवायला सांगितलं त्याला तीन तास होऊन थोडाच वेळ झाला होता. मान दाराकडं वळलेली होती. यात काही अर्थ पाहू नये. दार त्याच बाजूला होतं.

मरणाची बातमी कळवायचा मान चुलत्यांचा. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, आमच्या भावकीतले आता सगळ्यांत मोठे. ते तासाभरात गावाहून गाडी घेऊन आले. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की थोरल्याला कळवलं का. मी म्हटलं, अजून नाही, तो विमानतळाच्या वाटेवर असेल.

"मग कळवू नगंस."

"नाना, त्याला सांगायला पाहिजे."

"सांगायचं. पर कवा? जवळ आपलं माणूस आसताना." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इमानात त्यो एकला. रडू फुटलं तर कुणाच्या गळ्यात पडंल? परक्याच्या?"

हा त्यांचा विचार नव्हता, ही आमच्याकडची रीत आहे. लांबच्या माणसाला मरणाची बातमी देत नाहीत. आजारी आहेत, ये, एवढंच सांगतात. घराच्या जवळ आला की कुणीतरी पुढं जाऊन त्याला धरतं, आणि मग सांगतं. लष्करातल्या मुलांना असंच आणलं जातं, गलाईतल्या मुलांना असंच. प्रत्येकाला ही रीत माहीत असते, तरी प्रवासात प्रत्येक जण आपल्यापुरतं मानतो की आपल्याला खरं सांगितलं आहे. दादाच्या बाबतीत तर फोन मीच केला होता, आणि मी सांगितलं होतं की ते बोलतायत. ते तेव्हा खरं होतं.

आबांना गावी आणलं आणि मग बातमी रोखण्याचं काम सुरू झालं. तासाभरात गावातल्या पोरांच्या मोबाइलवर आबांचा फोटो आणि भावपूर्ण श्रद्धांजली लागली होती. एका चुलतभावाला तेवढंच काम दिलं. तो एकेकाला फोन करून शिव्या देत होता, "स्टेटस काढ आधी. दादा बघंल की रं, अकला हाईत का?" एकानं उत्तर दिलं, "मग परत कवा ठेवू?" "माती झाल्यावर ठेव, तवर कळ काढ." स्टँडवर लावायचा फ्लेक्स छापून आला, तो गुंडाळून नानांच्या दाराआड उभा करून ठेवला. दिब्रुगडच्या बाजारात आमच्या तालुक्यातले आणखी तिघं गलाईवाले होते. त्यांना नानांनीच फोन केला. ते तिघंही दादाला सोडायला विमानतळावर गेले, त्याच्याबरोबर चहा घेतला, धीर दिला आणि काही बोलले नाहीत.

मी संध्याकाळी निधनवार्ता लिहिली. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडे असा परिवार आहे. डेस्कवर सांगून ती इंटरनेट आवृत्तीत जाऊ दिली नाही. माझ्या नोकरीत मी अडवून ठेवलेली ती एकमेव खरी बातमी.

ताई, आमची बहीण, साताऱ्यात दिलेली. तिला कळवलं होतं. ती लगेच निघणार होती, बॅग भरली होती. नानांनी तिला थांबवलं.

"तू तिथंच ऱ्हा. उद्या दादाची गाडी साताऱ्यावरनं येणार. हायवेला त्याच्या गाडीत बस. रक्ताचं माणूस जवळ पायजे. कऱ्हाड सोडलं की त्याला सांग."

"नाना, आवं मला आबांना बघायचं हाय."

"दोघं मिळून बघशीला की. माती तुमी आल्याबिगर न्हाई."

तिनं ऐकलं.

रात्र शीतपेटीच्या जनरेटरच्या आवाजात गेली. आमच्या भावकीत माती झाल्याशिवाय चूल पेटत नाही. दुसऱ्या आळीतल्या लोकांनी चहा आणून दिला, पिठलं-भाकरी आणली, ती लहान पोरांनी आणि साखरेचा आजार असलेल्यांनी खाल्ली. आई पेटीजवळ बसून होती. काचेवर पाणी धरायचं, ती पदरानं पुसायची, परत धरायचं. सकाळी तिनं एकच विचारलं, "दादा कुटवर आला?"

मी मोबाइलवर विमान पाहत होतो. कुठलं विमान या क्षणी कुठं आहे ते दाखवणारी एक सोय असते. पिवळं चिन्ह छत्तीसगडवरून सरकत होतं. मग विदर्भ, मग नगरची बाजू. ते वेळेवर उतरलं, उलट थोडं लवकरच. पुण्याला आमच्याच गावचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला होता. दादाचा फोन आला, "उतरलो. आबा कसं हाईत?" फोन नानांनी घेतला होता. ते म्हणाले, "हाईत. ये तू."

हिशोब सरळ होता. दुपारी तीनपर्यंत गाडी गावात. माती चारला. नानांनी तसं सगळ्यांना सांगितलं. जत, विटा, मिरज, कुठून कुठून माणसं आली होती, ती बाभळीखाली चटया टाकून बसली. लाकडं रचून झाली.

पुढचं मला ताईनं नंतर सांगितलं. तिनं ते एकदाच सांगितलं, त्यानंतर आजपर्यंत त्याबद्दल बोलली नाही.

साताऱ्यात हायवेच्या पुलाखाली ती गाडीत बसली. तिनं तोंड धुतलं होतं, नेहमीची साडी नेसली होती, डोळ्यांना ऊन लागतं म्हणून गॉगल लावला होता. दादानं पहिला प्रश्न विचारला, "आज काय खाल्लं का आबांनी?"

ती म्हणाली, "पेज घेतली."

हे तिच्या तोंडून निघून गेलं. तिनं ठरवलं होतं की काही विचारलं तर मान हलवायची, बोलायचं नाही. पण पेज म्हटल्यावर दादाचा चेहरा सैल झाला. त्यानं बॅगेतून एक उशी काढली, गळ्याभोवती घालायची, अर्धगोल. कोलकात्याच्या विमानतळावर घेतली होती. "मानंचं दुखणं हाय न्हवं, त्याला बरी," तो म्हणाला. मग विचारलं, किती पेज घेतली. ती म्हणाली, अर्धी वाटी. कुणी पाजली? बारक्यानं. मग माझ्याबद्दल काहीतरी थट्टा केली, की बारक्या पेज पाजताना पण शुद्धलेखन तपासत असेल. ती हसली. हसलेही मी, असं तिनं मला सांगितलं.

कऱ्हाडला ती सांगणार होती. कऱ्हाड यायच्या आत दादा झोपला. रात्रभर तो विमानतळावर बसून होता. ती उशी मांडीवर, तोंड उघडं. तिनं त्याला हलवलं नाही. "म्हटलं तेवढीच झोप मिळू दे. उठला की हायच," ती म्हणाली.

तो तासगावच्या अलीकडं उठला. बाहेर पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "गड्या, वाट चुकलास का? विश्रामबागला जायाचं हाय."

ड्रायव्हरनं आरशातून ताईकडं पाहिलं. त्याला सांगून ठेवलं होतं की बोलायचं बहिणीनं, त्यानं नाही. ताई खिडकीतून बाहेर पाहत होती. ड्रायव्हर थांबला, दादा म्हणाला, "घे की सांगलीला, बघत काय बसलास?" आणि त्यानं गाडी सांगलीकडं वळवली.

अडीचच्या पुढं मी फोन केला. ताईनं उचलला.

"कुठं आहात?"

"माधवनगर."

माधवनगर गावच्या वाटेवर नाही. माझ्या लक्षात आलं. "तू सांगितलं नाहीस?"

ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दादा शेजारीच हाय. दवाखान्यात निघालोय आमी."

"त्याला फोन दे."

फोनवर दादा आला. "बारक्या, पोचतोय बघ दा मिनटात. आबाला सांग, आला म्हणावं."

मी तोंड उघडलं होतं. नानांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. "व्हय व्हय," ते म्हणाले, "ये. सावकाश ये." आणि बंद केला. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "फोनवर न्हाई सांगायचं. तोंडानं. ताई हाय न्हवं जवळ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं बोलणारे गृहस्थ नाहीत. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान आहे.

दवाखान्यात दादा खालच्या काउंटरवर थांबलाच नाही. त्याला खाट माहीत होती. जिना चढून तो थेट वॉर्डात गेला, ताई मागं. खिडकीजवळच्या खाटेवर एक दुसरे म्हातारे होते आणि त्यांची सून त्यांना चमच्यानं काहीतरी भरवत होती.

"हितं आमचं वडील हुतं," दादा म्हणाला.

बाईनं वाटी खाली ठेवली. "आमी सकाळी आलो, दादा. ह्या खाटंवरचं बाबा काल वारलं म्हणत हुत्या सिस्टर." आणि मग तिला कळलं की ती कुणाशी बोलते आहे. ती उठून उभी राहिली आणि तिनं आपलं स्टूल पुढं केलं.

दादा त्या स्टुलावर बसला. उशी हातात होती. ताईनं त्याचा दंड धरला, पाया पडली, म्हणाली, चल, आबा घरी हाईत, सगळी थांबल्यात. तो उठला नाही. तो रडलाही नाही. खाटेवरच्या त्या अनोळखी म्हाताऱ्याकडं पाहत राहिला. म्हातारे घाबरून सुनेकडं पाहू लागले. सिस्टर आली, वॉर्डबॉय आला, कुणीतरी पाणी आणलं. तो बसून होता.

गावात आम्हाला हे तुकड्यातुकड्यानं कळत होतं. ताईचा फोन यायचा, "उठंना." पुन्हा फोन, "उठंना, नाना. काय बी बोलंना." साडेचार झाले, पाच झाले. हिवाळ्याचं ऊन बाभळीच्या शेंड्यावर गेलं. जनरेटरवाला म्हणाला, डिझेल आणायला कुणाला तरी पाठवा. लांबचे पाहुणे उठून उभे राहिले होते. बायकांत एक गरोदर होती, तिला चक्कर आली. कालपासून चूल नव्हती.

चटईवर बसलेला एक पाहुणा शेजारच्याला म्हणाला, "दिब्रुगडावरनं आलाय न्हवं? मग सांगलीवरनं येईना व्हय?"

शेजारचा म्हणाला, "गप बस की."

"न्हाई, इचारलं आपलं."

मी नानांना म्हटलं, मी गाडी घेऊन जातो, त्याला आणतो. ते म्हणाले, जायला तास, यायला तास, दिवस बुडणार. दिवस बुडाल्यावर आम्ही अग्नी देत नाही. पेटी अजून एक रात्र ठेवू, असं मी म्हटलं. त्यांनी बाभळीखालच्या माणसांकडं हात केला. मग आईकडं गेले आणि तिला विचारलं. आई काच पुसत होती. ती म्हणाली, "त्येनी लय वाट बघितली. आता नगा ठिवू."

थोरल्याचा मान धाकट्याला मिळाला. पाण्याचं मडकं मी खांद्यावर घेतलं आणि फेऱ्या मारल्या. दगडानं मडक्याला छेद दिला जातो आणि मागं पाण्याची धार लागते, ते मी आजवर दुसऱ्यांच्या मातीला पाहिलं होतं. माझ्या पाठीवर ते पाणी गार लागलं, एवढं आठवतं. सूर्य तेव्हा हातभर वर होता.

लोक हातपाय धुवायला विहिरीच्या नळाशी गेले होते तेव्हा गाडी आली. ताई दार उघडून पळत सुटली आणि वाटेतच पडली. तिनंही आबांना पाहिलं नाही. तिला काल दुपारी येता आलं असतं, हे मला तेव्हाच सुचलं, आणि मला वाटतं नानांनाही. दादा मागून चालत आला. आग तेव्हा पूर्ण भरात होती, जवळ जाता येण्यासारखी नव्हती. तो जिथपर्यंत झळ सोसते तिथपर्यंत गेला आणि उभा राहिला.

नाना पुढं झाले. त्यांनी दोन्ही हात पसरले होते. "ये लेकरा," ते म्हणाले.

दादा त्यांच्या शेजारून निघून गेला आणि बाभळीखालच्या रिकाम्या चटईवर बसला. त्यानं कुणाच्या गळ्यात पडायचं, यासाठी एक दिवस आणि एक रात्र सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं होतं. तो कुणाच्याच गळ्यात पडला नाही.

दिवसकार्य त्यानं नीट केलं. तिसऱ्या दिवशी राख सावडली, दहाव्याला केस काढले, आलेल्यांना हात जोडले. भांडला नाही. भांडण झालं असतं तर काहीतरी संपलं असतं. तेराव्यानंतर त्यानं मला एकट्याला एक प्रश्न विचारला.

"किती वाजता गेलं?"

मी सांगितलं.

त्यानं मनात हिशोब केला. "म्हंजी मी विमानतळावर चहा पीत हुतो तवा आबा गेलेलं हुतं. त्या तिघांसंगं."

"हो."

"तिघांना ठाव हुतं?"

"हो."

"आन् आबा? काय म्हणालं?"

मी घड्याळाचं सांगितलं नाही. मी म्हटलं, शांतपणे गेले. त्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. त्याला ते खरं वाटलं नाही, आणि यापुढं माझं काहीच वाटणार नाही, हे त्या पाहण्यात मला कळलं.

तो परत गेला. दिब्रुगडच्या बाजारात त्या तिघांची दुकानं त्याच्या दुकानाला लागून आहेत. सकाळी शटर एकाच वेळी वर जातात. आधी ते एकत्र जेवत. आता दादा त्यांच्या दुकानांकडं पाठ करून एकटा जेवतो, असं त्यातल्या एकानं गावी आल्यावर सांगितलं. तो वाईट वाटून सांगत होता. "आमी काय करायला पायजे हुतं?" असं त्यानं मला विचारलं.

आई नानांना एकदा म्हणाली, "माझ्या येळंला त्याला खरं सांगा." नाना म्हणाले, "व्हय वैनी." ते सांगतील असं मला वाटत नाही. सांगितलं तरी उपयोग नाही. दादा आता घरातल्या कुठल्याच उत्तरावर विश्वास ठेवत नाही. आई कशी आहे विचारतो, मी बरी म्हणतो, आणि तो म्हणतो, "कॅमेरा लाव." आई न्हाणीत असली तर तो फोन न ठेवता थांबतो. ती बाहेर येऊन दिसली की ठेवतो.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तिला ताप होता. औषध घेऊन ती झोपली होती. मी दादाला सांगितलं, झोपलीय, उठल्यावर लावतो. त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात उभा होता, पाठीवर बॅग. आई उंबऱ्यात बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती.

"आलास?" ती म्हणाली. "आसा अचानक?"

तो तिच्याकडं पाहत उभा राहिला. मग खाली बसला, चप्पल काढली, आणि गुडघ्यात डोकं घालून जे रडला ते पहिल्यांदा रडला. आई त्याच्या पाठीवर हात फिरवत होती आणि मला विचारत होती, "काय झालं ह्याला? मी हाय की. मी हाय न्हवं?"

तो रात्रभर राहिला आणि सकाळी परत गेला. दुकान उघडायचं होतं. गाडीत बसताना मला म्हणाला, "खरं सांगत हुतास तू." त्यात माफी नव्हती आणि आरोपही नव्हता. पुढच्या वेळी मी म्हणालो की ये, तर तो येईल की म्हणेल मागं पण असंच झालं होतं, हे मला माहीत नाही. त्यालाही नसावं. आईनं हे माझ्या आधी ओळखलं. गाडी गेल्यावर ती म्हणाली, "आता खरंच हुईल तवा त्येला खरं वाटायचं न्हाई."

ती उशी आईच्या खाटेखाली प्लास्टिकच्या पिशवीत आहे. कुणी वापरलेली नाही.

रोज दिवेलागणीला आई तोंड धुते, केस नीट करते आणि भिंतीला टेकून बसते. मी रजेवर गावी असलो तर मी, नाहीतर चुलतभाऊ तिच्यापुढं मोबाइल धरतो. पलीकडं दादा भट्टी विझवून बसलेला असतो. तिकडं तोवर पार अंधार झालेला असतो. सुरुवातीला ते जेवणाचं, पावसाचं बोलायचे. आता बोलत नाहीत. तो तिच्याकडं पाहतो, ती हलते की नाही ते पाहतो. तीही हे जाणून मधूनमधून हात उचलते, डोळे मिटून उघडते. थोड्या वेळानं तो "बरं" म्हणतो. आई विचारते, "झालं का बघून?" आणि चुलतभाऊ मोबाइल खिशात ठेवतो.